लेनिनच्या मानेतली गोळी

इथं आखातात आलेल्या प्रत्येकाला व्हिसाचं मेडिकल चुकलेलं नाही. रांगेत उभं राहायचं, रक्त द्यायचं, मग छातीचा एक्स-रे. सदरा काढा, गळ्यातलं काढा, हनुवटी वर, श्वास रोखा. ते ‘श्वास रोखा’ म्हणणाऱ्यांपैकी मी एक. शारजात आणि दुबईत मिळून माझी अठरा वर्षं या कामात गेली.

एक्स-रेत हाड पांढरं दिसतं, पण धातू त्याहून पांढरा दिसतो. असा ठिपका दिसला की आधी सदऱ्याचं बटण, गळ्यातला ताईत, साखळी यांवर संशय जातो. सगळं काढून झालं तरी ठिपका तिथंच असेल, तर माणसाला हळूच विचारावं लागतं. मग कळतं, की ही गोळी आहे, नाहीतर छर्रा. अफगाणिस्तान, येमेन, सुदान, सीरिया... इथं कामाला येणाऱ्यांत लढाया बघून आलेले कितीतरी लोक असतात. कुणी दहा वर्षं तर कुणी तीस वर्षं तो तुकडा अंगात घेऊन फिरत असतो. आणि जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: ‘याचा काही त्रास होईल का? शिसं अंगात भिनतं म्हणतात, ते खरं का?’

उत्तर देणं डॉक्टरांचं काम, माझं नाही. पण हा प्रश्न एकदा जगातल्या एका फार मोठ्या माणसाच्या बाबतीत विचारला गेला होता. जर्मनीहून नामांकित डॉक्टर आले, वाद झाला, ऑपरेशनही झालं. तो माणूस म्हणजे व्लादिमीर इलिच उल्यानोव्ह, म्हणजेच लेनिन. आपल्याकडे त्याच्या नावानं भांडणारे पुष्कळ आहेत. मला इथं त्याच्या राजकारणापेक्षा त्याच्या अंगातल्या दोन गोळ्यांबद्दल सांगायचंय. पण त्या गोळ्यांपर्यंत जायचं तर थोडं मागून यावं लागेल.

लेनिनचा जन्म २२ एप्रिल १८७० चा, व्होल्गा नदीकाठच्या सिंबिर्स्क गावातला. वडील शाळा तपासणारे सरकारी अधिकारी. घर शिकलेलं, पुस्तकांचं. १८८६ मध्ये वडील मेंदूतल्या रक्तस्रावानं अचानक गेले. वय अवघं ५४. (हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) पुढच्याच वर्षी थोरला भाऊ अलेक्सांद्र झारला मारण्याच्या कटात सापडला आणि फासावर गेला. धाकटा व्लादिमीर तेव्हा सतरा वर्षांचा. त्याच वर्षी तो कझानच्या विद्यापीठात दाखल झाला आणि विद्यार्थ्यांच्या निदर्शनांत सापडून काही महिन्यांत बाहेरही काढला गेला. पुढे घरी अभ्यास करून त्यानं कायद्याची परीक्षा दिली, वकिली केली, क्रांतिकारकांत मिसळला, तुरुंगात गेला. मग सायबेरियात तीन वर्षांची हद्दपारी. तिथंच नादेझ्दा क्रुपस्कायाशी लग्न झालं.

यापुढचा भाग आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांना जवळचा वाटेल. १९०० मध्ये लेनिन देशाबाहेर पडला आणि १९१७ पर्यंत, मधली दोनेक वर्षं सोडली, तर बाहेरच राहिला. म्युनिक, लंडन, जिनिव्हा, पॅरिस, क्राकाव, झुरिक. भाड्याच्या खोल्या, खोटी नावं, दिवसभर लायब्ररी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये तो याकोब रिख्टर या नावानं बसायचा. आईला मात्र पत्रं नेमानं जायची: तब्येत, पैसे, पुस्तकं, हवापाणी. १९१० मध्ये आई त्याला भेटायला स्टॉकहोमला आली. पंचाहत्तरीची बाई. भेट संपल्यावर तो तिला बंदरापर्यंत सोडायला गेला, पण बोटीवर पाऊल ठेवता येईना. बोट रशियन कंपनीची, चढला तर अटक व्हायची भीती. धक्क्यावरूनच निरोप घेतला. तीच शेवटची भेट. १९१६ मध्ये आई गेली तेव्हा तो झुरिकला होता. विमानतळावर काचेपलीकडून हात हलवणाऱ्या आपल्या आईवडिलांना ज्यांनी पाहिलंय, त्यांना यावर वेगळं काही सांगायला नको.

आणखी एक धागा आपल्या घरचा. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले. लेनिन तेव्हा जिनिव्हात होता. त्या संपावर त्यानं लगेच लिहिलं. टिळकांना झालेल्या शिक्षेचा निषेध केला आणि हिंदुस्थानातला कामगार आता राजकीय लढ्यासाठी जागा झाला, असा अर्थ त्यातून काढला. परळ-लालबागच्या त्या संपाची दखल घेणारा हा माणूस मुंबईत कधीच आला नाही. पण त्याचं नाव इथं लवकर पोचलं. १९२१ मध्ये तरुण श्रीपाद अमृत डांगे यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका मुंबईत छापली, तेव्हा लेनिन हयात होता.

१९१७ च्या एप्रिलमध्ये तो जर्मनीमार्गे आगगाडीनं पेट्रोग्राडला परतला. आल्याच्या पहिल्या दिवशी जाऊन आला ती आईची कबर. नोव्हेंबरात सत्ता बोल्शेविकांच्या हाती आली आणि सतरा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेला हा माणूस एका प्रचंड देशाचा प्रमुख झाला.

आता गोळ्या. ३० ऑगस्ट १९१८, शुक्रवार. त्या दिवशी सकाळीच पेट्रोग्राडमध्ये उरित्स्की नावाच्या बोल्शेविक अधिकाऱ्याचा खून झाला होता. तरीही संध्याकाळी लेनिन मॉस्कोतल्या मिखेल्सन कारखान्यात कामगारांपुढे भाषण करायला गेला. भाषण संपवून मोटारीकडे येताना तीन गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांतल्या दोन त्याला लागल्या. एक डाव्या खांद्यात शिरली, दंडाचं हाड मोडून तिथंच राहिली. दुसरी मानेच्या डाव्या अंगानं घुसली, फुप्फुसाच्या वरच्या टोकाला इजा करून मोठ्या रक्तवाहिन्या चुकवत पलीकडे गेली आणि मानेच्या उजव्या बाजूला अडकली. ती केसभर जरी इकडेतिकडे झाली असती, तर गोष्ट त्याच रात्री संपली असती. गोळ्या झाडल्याबद्दल फान्या काप्लान नावाच्या स्त्रीला पकडलं आणि चारच दिवसांत, ३ सप्टेंबरला, खटल्याशिवाय ठार केलं. त्यानंतर ‘लाल दहशत’ जाहीर झाली आणि हजारो माणसं गोळ्यांना बळी पडली. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील.

जखमी लेनिनला हॉस्पिटलात न नेता थेट क्रेमलिनमधल्या घरी नेलं. तो स्वतःच्या पायांनी तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढून गेला. डॉक्टर जमले. गोळ्या काढायच्या का? नको, असं ठरलं. कारण सोपं होतं. गोळी आत गेली तेव्हा जे नुकसान व्हायचं ते झालेलं असतं. ती शोधायला आणखी चिरफाड केली, तर जंतू शिरायचे, रक्तवाहिनी दुखवायची. तेव्हा तर अँटिबायोटिकही नव्हती. आजसुद्धा सर्जन बऱ्याचदा हेच ठरवतात. आपल्या लोकांचा सिनेमा बघून समज झालेला असतो, की गोळी काढली म्हणजे माणूस वाचला. प्रत्यक्षात पुष्कळ गोळ्या जिथल्या तिथं ठेवल्या जातात. स्नायूत अडकलेल्या गोळीभोवती शरीर चिवट तंतूंचं वेष्टण विणतं. रक्ताचा तिच्याशी फारसा संबंध राहत नाही आणि ती आयुष्यभर गप्प पडून राहते.

लेनिन काही आठवड्यांत कामाला लागला. यादवी युद्ध, दुष्काळ, बंडं. दिवसाचे चौदा-चौदा तास काम. १९२१ उजाडेपर्यंत तब्येत ढासळू लागली. डोकं सारखं दुखायचं, झोप यायची नाही, आवाज सहन व्हायचा नाही, थोड्या कामानं थकवा यायचा. जो माणूस बर्फातून डोंगर चढायचा, सायकल दामटायचा, त्याला आता बैठकीत बसवेना. वय एकावन्न.

मार्च १९२२ मध्ये जर्मनीहून डॉक्टर बोलावले गेले. त्यांत मज्जासंस्थेचे तज्ज्ञ ओटफ्रीड फॉर्स्टर होते आणि बर्लिनचे नावाजलेले फिजिशियन गेओर्ग क्लेम्परर. क्लेम्परर यांनी तर्क मांडला, की अंगात साडेतीन वर्षं असलेल्या गोळ्यांतलं शिसं हळूहळू रक्तात उतरतंय आणि डोकेदुखी त्यामुळे आहे. गोळ्या काढा. हा तर्क हवेतला नव्हता. डोकेदुखी, निद्रानाश, चिडचिड, थकवा ही शिशाच्या विषबाधेची ओळखीची लक्षणं. छापखान्यात खिळे जुळवणारे, रंगकाम करणारे, शिशाच्या कारखान्यातले मजूर यांच्यात डॉक्टरांनी ती पिढ्यान् पिढ्या पाहिली होती.

रशियन सर्जन व्लादिमीर रोझानोव्ह यांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, गोळ्यांभोवती वेष्टण झालेलं आहे, त्यांतून शिसं बाहेर पडणं कठीण. शेवटी तोडगा निघाला. खांद्यातल्या गोळीला हात लावायचा नाही, ती खोल आहे. मानेतली गोळी कातडीखाली हाताला लागते, तेवढी काढायची. आधी मॉस्कोतल्या एका संस्थेत एक्स-रे काढले गेले. आणि बावन्नावा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिल १९२२ ला, बर्लिनचे सर्जन मोरित्स बोर्शार्ट यांनी मॉस्कोच्या सोल्दात्येन्कोव्ह हॉस्पिटलमध्ये, जागा बधिर करून, ती गोळी काढली. मदतीला रोझानोव्ह होते. ऑपरेशन छोटं होतं आणि नीट पार पडलं. एक रात्र हॉस्पिटलात ठेवून त्याला घरी सोडलं. याच एप्रिलमध्ये स्टालिन पक्षाचा सरचिटणीस झाला होता, हेही जाता जाता लक्षात ठेवायला हरकत नाही.

डोकेदुखी थांबली का? नाही. जेमतेम महिना झाला आणि मेच्या अखेरीला लेनिनला पक्षाघाताचा पहिला झटका आला. उजवं अंग लुळं, बोलणं अडखळलेलं. त्यातून तो थोडा सावरला. डिसेंबरात पुन्हा झटका. अंथरुणावरून त्यानं टिपणं सांगितली, त्यांत स्टालिनच्या हाती एकवटलेल्या सत्तेबद्दलचा इशाराही होता. मार्च १९२३ मध्ये तिसरा झटका आला आणि वाचाच गेली. जगाला हलवणारी भाषणं करणारा माणूस शेवटचे दहा महिने एकेका शब्दासाठी झगडत राहिला. २१ जानेवारी १९२४ ला संध्याकाळी गोर्कीच्या घरात तो गेला. वय ५३.

शवविच्छेदनात उत्तर मिळालं. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या घट्ट, चुनखडीसारख्या कडक झाल्या होत्या. डाव्या बाजूची मुख्य धमनी बंद पडली होती. आता वडिलांचं वय आठवा. त्यांनाही ५४ व्या वर्षी मेंदूनंच दगा दिला होता. घराण्यातला रोग आणि त्यावर कामाचा भार, याच बाजूनं पारडं झुकतं. आणि खांद्यातली दुसरी गोळी? ती होती तिथंच होती, वेष्टणात गुंडाळलेली. काप्लानच्या गोळ्यांना विष लावलेलं होतं, असाही दावा १९२२ च्या खटल्यात झाला होता. विष लावलेलं नव्हतं आणि शिशानंही त्याला मारलं नाही. रोझानोव्ह बरोबर ठरले.

गेल्या वर्षी आम्ही चार कुटुंबं दुबईहून मॉस्कोला गेलो होतो. विमानानं पाचेक तास. लाल चौकात लेनिनच्या समाधीपुढे रांगेत उभे असताना मी हीच गोष्ट सगळ्यांना सांगितली. एक वहिनी चटकन म्हणाल्या, मग तो जर्मन डॉक्टर उगाचच घाबरला म्हणायचा.

नाही हो. लेनिनच्या बाबतीत क्लेम्परर यांचा अंदाज चुकला, पण त्यांची शंका रास्त होती. अमेरिकेचे सातवे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचं उदाहरण बघा. १८०६ च्या द्वंद्वयुद्धात लागलेली गोळी त्यांच्या छातीत, हृदयाजवळ, मरेपर्यंत म्हणजे १८४५ पर्यंत राहिली. १८१३ च्या मारामारीतली दुसरी गोळी डाव्या खांद्याजवळ होती, ती १८३२ मध्ये काढली. जॅक्सन यांचे केस जपून ठेवलेले होते. १८१५ चे आणि १८३९ चे. दोन्ही नमुने तपासून अमेरिकन संशोधकांनी १९९९ मध्ये निष्कर्ष छापले. दोन्हींत शिसं वाढलेलं होतं, पण नंतरच्या नमुन्यात बरंच कमी. शिशानं त्यांचा जीव घेतला नाही, पण ते त्यांच्या अंगात होतं यात शंका नाही.

म्हणजे सगळं अवलंबून आहे ते गोळी कुठं बसलीय यावर. स्नायूत असेल तर बहुतेक वेळा ती गप्प राहते. सांध्यात असेल तर गोष्ट वेगळी. गुडघा, खुबा, खांद्याचा सांधा यांत जे नैसर्गिक वंगण असतं, ते शिसं विरघळवतं. वर सांधा दर पावलाला हलतो, गोळी घासली जाते. असा एक्स-रे मी पाहिलाय. सांध्याच्या आतल्या बाजूनं पांढरी भुकटी फासल्यासारखी रेघ दिसते. ते विरघळलेलं शिसं. मणक्यांच्या मधल्या चकतीतली गोळी, मोडलेल्या हाडात रुतलेली गोळी आणि फुटून शंभर तुकडे झालेले छर्रे, यांतही धोका जास्त. अमेरिकेत २००३ ते २०१२ या काळात रक्तात शिसं वाढलेल्या ज्या प्रौढांच्या नोंदी झाल्या, त्यांत अंगातल्या गोळीमुळे वाढलेले ४५७ जण होते, म्हणजे एकूण प्रकरणांच्या फक्त ०.३ टक्के. मात्र प्रति डेसिलिटर ८० मायक्रोग्रॅमच्या वर, म्हणजे जीवावर बेतेल इतकं शिसं सापडलेल्यांत त्यांचं प्रमाण सुमारे पाच टक्के होतं. क्वचित होतं, पण होतं तेव्हा जबर होतं.

आणि ते ओळखू येत नाही, ही खरी अडचण. गोळी लागून दहा, वीस, तीस वर्षं झालेली असतात. माणसाला पोटात कळा येतात, शौचाला होत नाही, हिमोग्लोबिन उतरतं, डोकं दुखतं, रक्तदाब वाढतो, कधी मनगट लुळं पडतं. पोटाचा डॉक्टर पोट तपासतो, हाडाचा डॉक्टर हाड. जुन्या गोळीबद्दल कुणी विचारत नाही आणि पेशंट सांगत नाही, कारण तो स्वतःच ती विसरलेला असतो.

हे मी आपल्या लोकांसाठी का लिहितोय? माझं गाव सातारा जिल्ह्यातलं. तिथं घरटी एक माणूस फौजेत. १९६५, १९७१, श्रीलंका, कारगिल... या सगळ्या ठिकाणी आपली माणसं होती. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांचा सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिला. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घेऊन १९७२ मध्ये पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक आणणारा हा माणूस. एक गोळी त्यांच्या मणक्यात राहिली, हे त्यांनी कधी लपवलं नाही. पण नाव न झालेले असे कितीतरी जवान गावोगाव पेन्शनीत बसलेत. काही इथं आखातात सिक्युरिटीच्या नोकरीत दारावर उभे आहेत. आमच्या नात्यातले एक काका फौजेतून आले, तेव्हा गुडघ्याजवळ छर्रा होता. पाऊस आला की दुखतं, एवढंच ते सांगायचे. त्यांना मी रक्तातलं शिसं तपासून घ्यायला लावलं. नॉर्मल आलं. पण तोपर्यंत तीस वर्षांत एकाही डॉक्टरला त्यांनी छर्रा दाखवला नव्हता.

तपासणी अगदी साधी आहे. हाताच्या शिरेतून थोडं रक्त, ‘ब्लड लेड’ म्हणून मागायचं. इथंही होते, पुण्या-मुंबईतही होते. लेनिनच्या डॉक्टरांना अशी सोय असती, तर मानेवर सुरी चालवायच्या आधीच वाद मिटला असता. शिसं वाढलेलं निघालं, तर ते लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं आहेत आणि सांध्यातली गोळी काढताही येते. वाढलेलं नसेल, तर गोळीला तिच्या जागी सुखानं राहू द्यावं, अधूनमधून रक्त बघावं. घाबरून ऑपरेशनचा हट्ट धरू नये. आणखी एक: अंगात धातू असेल तर एमआरआयच्या आधी तिथल्या माणसाला सांगायलाच हवं. शिशाला चुंबक ओढत नाही, पण काही गोळ्यांवर पोलाद असतं.

तेव्हा घरात कुणी माजी सैनिक असतील, तर या सुट्टीत फोनवर एवढं विचारा: गोळी किंवा छर्रा अंगात आहे का, कुठल्या बाजूला, सांध्यात की मांसात, कुठल्या सालचा. उत्तर एका कागदावर लिहून त्यांच्या औषधांच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावायला सांगा. म्हणजे डॉक्टर कुठलाही असो, फाइल उघडली की सगळ्यांत आधी त्याला तेच दिसेल.